घरट्याच्या पेट्या: सोलापूरच्या उन्हात कोणती घ्यावी, कोणती दुकानातच ठेवावी

२० मार्चला चिमणी दिन येतो आणि त्याच्या आगेमागे घरट्याच्या पेट्या विकायला आणि वाटायला निघतात. शाळा, सोसायट्या, रोपवाटिका, ऑनलाइन दुकानं, सगळीकडे. उत्साह चांगला, पण मुहूर्त उशिराचा. तोवर चिमण्यांनी जागा हेरलेल्या असतात, आणि सोलापुरात पारा चाळिशीला टेकायला आलेला असतो. गावाकडच्या बांधावर किंवा शिवाररस्त्याच्या कडेनं दहा-वीस पेट्यांची रांग लावायची आणि आठवड्यातून एक फेरी मारून पक्षी पाहायचे, असा बेत असेल तर खरेदी डिसेंबरात करावी. टांगणी गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, उठेपर्यंत उरकावी. महिना-दीड महिना ऊनवारा खाऊन पेटी करडी पडली, गोंदाचा-रंगाचा वास गेला, की पक्षी तिच्याकडे बघायला लागतात.

या आढाव्यात ब्रँडची नावं नाहीत. पेटीचं बरंवाईट ठरतं ते मालावर, भोकावर आणि साफसफाईच्या दारावर. खोक्यावरच्या चित्रावर नाही. म्हणून सोलापूरच्या बाजारात आणि ऑनलाइन जे प्रकार हाती येतात, ते एकेक करून पाहू. कसोटी एकच: मे महिन्यातल्या दुपारी आतली पिल्लं जगतील का?

अशी रांग लावण्याची कल्पना अमेरिकेतली. तिकडे ब्लूबर्ड नावाचा निळ्या पाठीचा, तांबूस छातीचा छोटा पक्षी आहे. तो झाडाच्या ढोलीत घरटं करतो, पण स्वतः ढोली कोरू शकत नाही. जुनी झाडं गेली तसा तो कमी होत गेला. इलिनॉय राज्यात १९३४ च्या सुमारास रस्त्याकडेच्या खांबांवर त्याच्यासाठी पेट्यांच्या रांगा लागल्या, आणि पुढे १९७८ मध्ये या कामासाठी ‘नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी’ उभी राहिली. गंमत अशी, की तिकडच्या पेटीवाल्यांची सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे आपली घरचिमणी. १८५१ च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये ती मुद्दाम नेऊन सोडली आणि तिनं ब्लूबर्डच्या पेट्या बळकावल्या. आपल्याकडे पेटी लावायची ती तिच्याचसाठी. त्यामुळे तिकडचा नकाशा जसाच्या तसा उतरवून बनवलेली पेटी आणि तिकडचे अंतराचे नियम इथे अर्धेच लागू पडतात. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच पेट्यांचं भोक ३८ मिलिमीटरचं म्हणजे दीड इंचाचं असतं. ते माप ब्लूबर्डचं आहे. चिमणीला ३२ मिमी पुरतं, आणि जितकं भोक लहान तितके चोर कमी.

आता प्रकार.

सगळ्यात जास्त खपते ती पातळ प्लायची रंगीत पेटी. चार ते सहा मिमीचं प्लाय, लेझरनं कापलेले तुकडे, खाचेत खाच अडकवून जोडायचे, किंमत दीडशे ते चारशेच्या घरात. दिसायला देखणी. बाल्कनीत, छताखाली, सावलीत लावली तर एक-दोन हंगाम निघतात. बांधावर मात्र ही पेटी नको. पातळ भिंतीतून उष्णता थेट आत येते आणि वाराही खेळत नाही, त्यामुळे उन्हात असलेल्या पेटीचा आतला पारा बाहेरच्या हवेच्या वर जातो. अंड्याला साधारण ४०-४१ अंशांच्या वर फार वेळ राहणं सोसत नाही. बाहेरच ४२ असताना पातळ पेटीत काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. शिवाय हलकं प्लाय पहिल्याच वळवाच्या पावसात फुगतं, थर सुटतात, तळ खाली लोंबतो आणि एक दिवस घरट्यासकट निसटतो. याच पेटीला बहुतेक वेळा भोकाखाली एक बारीक दांडी असते. चित्रात ती शोभते, चिमणीला तिची गरज नाही. ढोलीच्या काठाला नखं रोवून ती सरळ आत जाते. दांडीचा उपयोग कावळ्याला, बसून आत चोच घालायला. विकत घेतलीच असेल, तर दांडी मुळासकट कापा आणि तिचं भोक लाकडाच्या खुंटीनं बुजवा.

याच पेटीची एक भावंडं-जात आहे: वर घरटं, खाली दाण्याचं ताट, ‘टू इन वन’. ही सरळ नाकारावी. दाण्यावर खार येते, कावळा येतो, साळुंक्यांची भांडणं होतात, आणि हे सगळं पिल्लांच्या उंबऱ्यावर. दाणापाणी ठेवायचंच असेल तर घरट्यापासून पंधरा-वीस मीटर लांब ठेवा. मागे पारदर्शक अॅक्रिलिकची खिडकी असलेली पेटीही तशीच. आत उजेड आला की पक्षी अंडी घालायला बिचकतो, आणि काचेसारख्या त्या पत्र्यामागे ऊन साठतं.

पत्र्याचा तेलाचा डबा कापून केलेलं घरटं गावोगावी दिसतं, कारण फुकट. उन्हात तो तवा होतो. गोठ्याच्या छपराखाली कायमच्या सावलीत आणि वर पोत्याचा जाड थर असेल तरच चालवून घ्यावा, नाहीतर नाही. चार इंची पीव्हीसी पाइपच्या नळकांड्यांचीही तीच रड. वर त्यात आणखी एक दोष असा, की आतली भिंत गुळगुळीत असते आणि उडायच्या वेळी पिल्लाला भोकापर्यंत चढता येत नाही. वाळूकागदानं खरवडून किंवा आत जाळीची पट्टी लावून तो दोष जातो, उष्णतेचा जात नाही. पुठ्ठ्याचं बुटाचं खोकं ओसरीत एका विणीपुरतं ठीक. काथ्याची, ज्यूटची विणलेली टोपली-घरटी पेटीच्या कामाची नाहीत. तोंड रुंद, मांजराचा पंजा सहज आत जातो, आणि सुटलेल्या काथ्यात पाय अडकतात.

मातीचं गाडगं हा मात्र गांभीर्यानं घ्यायचा पर्याय आहे. जाड मातीची भिंत सावकाश तापते, सच्छिद्र असल्यामुळे आत वाफ धरत नाही, आणि घराच्या वळचणीला टांगलं तर चिमणी त्यात लाकडी पेटीइतक्याच खुशीनं जाते. तयार मडक्याला ड्रिलनं भोक पाडायला गेलात तर दहातली बरीच तडकतात. कुंभाराला सांगून भट्टीत घालण्याआधीच भोक पाडून घ्या. माती वाळताना आणि भाजताना आकसते, म्हणून ३२ मिमी हवं असेल तर ओल्या मातीत ३६ चं भोक पाडायला सांगा. तळाला दोन-तीन बारीक छिद्रं, आणि मडक्याचं तोंड मागच्या बाजूला येईल असं आडवं टांगायचं. तोंडावर लाकडी झाकण बसवून तारेनं आवळलं की तेच साफसफाईचं दार होतं. झाकण नसलेलं, एकच भोक असलेलं मडकं घेऊ नका, ते साफ करता येत नाही आणि दुसऱ्या वर्षी फोडावंच लागतं. एक मर्यादा: बांधावरच्या वाऱ्यात टांगलेलं मडकं झाडावर आपटून फुटतं. म्हणून गाडगी गावात, घरांना. रांगेतल्या झाडांना लाकूड.

लाकडात बाजारू ‘पाइनवूड पेटी’ बरी असते, पण ती घेण्याआधी फळीची जाडी मोजा. १२ मिमीच्या खाली असेल तर पैसे वाया. १८ मिमी असेल, छत पुढे किमान पाच सेंटीमीटर आलेलं असेल, एखादी बाजू किंवा छत उघडत असेल आणि आतून रंग दिलेला नसेल, तर घ्या. या चारांपैकी उघडणारी बाजू नसणं हा दोष सगळ्यात जास्त आढळतो. चारही बाजूंनी खिळे मारून बंद केलेली पेटी म्हणजे एका विणीची पेटी.

आमची पसंती मात्र सुताराकडून करून घेतलेल्या पॅकिंगच्या लाकडाच्या पेटीला आहे. औद्योगिक वसाहतीच्या आसपास, भंगारवाल्यांकडे, यंत्रसामग्रीच्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या फळ्या मिळतात. फळीवरचा शिक्का पाहून घ्या: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती चालेल, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती घेऊ नका. तेलाचे, रसायनाचे डाग असलेली फळीही नको. वखारीतलं जुनं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं, पण रांगेतल्या वीस पेट्यांसाठी परवडणारं नाही, आणि सागवानी पेटी रस्त्याकडेला फार दिवस राहतही नाही.

चिमणीच्या एका पेटीला १५ सेमी रुंद, १८ मिमी जाड, सव्वा मीटर लांब फळी लागते आणि छताला वेगळा २० सेमी रुंद तुकडा. कापायची मापं अशी: मागची फळी ३५ सेमी, पुढची २२, दोन्ही बाजूंच्या फळ्या मागे २५ आणि पुढे २२ अशा उतरत्या, तळ ११.४ सेमी, छत २३ सेमी. बाजूंच्या फळ्या पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये बसतात, त्यामुळे आतली जागा साधारण साडेअकरा बाय पंधरा सेमीची होते. एवढ्यात चार-पाच पिल्लं मावतात. मागची फळी वर-खाली पाच-पाच सेमी बाहेर राहते, तिथून पेटी बांधायची. भोकाची खालची कड आतल्या तळापासून १३ सेमीवर हवी. याहून खाली आली तर कावळ्याची चोच आणि मांजराचा पंजा घरट्यापर्यंत पोचतो. भोक ३२ मिमीच्या होलसॉनं पाडून कड वाळूकागदानं गोल करा. भोकाखाली आतल्या बाजूनं पटाशीनं आडव्या खाचा मारा, एकेका सेमीवर. हीच पिल्लांची शिडी. रंधा मारून आतली बाजू गुळगुळीत करणारा सुतार कौशल्य दाखवत असतो, त्याला हात जोडून थांबवा.

तळ पाऊण सेमी वर उचलून बसवा, म्हणजे भिंतीवरून ओघळलेलं पाणी तळात मुरत नाही. तळाच्या चारही कोपऱ्यांत सहा मिमीचं भोक. एक बाजूची फळी उघडणारी करायची: वरच्या बाजूला पुढून एक आणि मागून एक असे दोन खिळे, दोन्ही तंतोतंत एकाच उंचीवर. त्यांच्यावर ती फळी फिरते, खालून एका स्क्रूनं अडकते. खिळ्यांची उंची दोन-तीन मिमीनं जरी चुकली तरी फळी अडकते आणि जोर लावून उघडताना घरटं हादरतं. बिजागरी लावू नका, पावसाळ्यानंतर गंजून बसते. ही फळी वरून एक सेमी आखूड ठेवली की तीच हवेची फट. तिच्या समोरच्या, न उघडणाऱ्या बाजूच्या फळीला छताखाली दहा मिमीची दोन भोकं. जोडणीला ४० मिमीचे गंज न धरणारे स्क्रू वापरा. उन्हात लाकूड आकसतं-फुगतं आणि नुसते खिळे दोन उन्हाळ्यांत सैल होतात.

सोलापूरसाठी एक खर्च टाळू नका, तो म्हणजे दुहेरी छत. लाकडी छतावर दोन सेमी जाडीच्या पट्ट्या ठोकून त्यावर पत्र्याचा किंवा जुन्या प्लायचा तुकडा बसवायचा आणि त्याला वरून पांढरा रंग द्यायचा. मधल्या फटीतून वारा जातो, वरचं छत तापलं तरी खालचं तेवढं तापत नाही. बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात पुरेत. आतून काहीही नको, वॉर्निश तर नाहीच.

भोक कोणाचं, हे ठरवून पेटी करा. ३२ मिमीला घरचिमणी आणि तिची शिवारातली चुलत बहीण रानचिमणी. गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या या रानचिमणीकडे लोक ‘चिमणीच ती’ म्हणून दुर्लक्ष करतात. सालिम अलींना लहानपणी पक्ष्यांच्या वाटेला लावलं ते याच जातीच्या एका चिमणीनं. बाभळी-कडुनिंबाच्या ढोलीत ती एप्रिल ते जुलै वीण करते, म्हणून दोन-तीन पेट्या गावापासून लांब, बांधावरच्या झाडांवर तिच्यासाठी राखाव्यात. ५० मिमीचं भोक, तळ १५ बाय १५ आणि उंची ३० सेमी केली तर दयाळ आणि भांगपाडी मैना. दयाळाचा हंगाम मार्च ते जुलै. पहाटे वाळक्या फांदीच्या टोकावर बसून गाणारा काळा-पांढरा नर दिसला, तर पन्नास मीटरच्या आत पेटी लावायला हरकत नाही. मात्र ५० मिमीत साळुंकीही घुसते आणि एकदा घुसली की कोणाला ठेवत नाही. गावाशेजारी, उकिरड्याजवळ ५० ची पेटी म्हणजे साळुंकीचीच समजा. पिंगळ्यासाठी ७५ मिमी, तळ २० बाय २० आणि खोली ४० सेमी. तो नोव्हेंबरपासूनच जोडीनं जागा धरतो, म्हणून त्याची पेटी दिवाळीतच चढवा आणि त्या रांगेतल्या लहान पेट्यांपासून लांब ठेवा. चिरक मात्र भोकाच्या पेटीपेक्षा विहिरीच्या कठड्यातली सांद, आडवा पाइप, दगडी बांधातली पोकळी जास्त पसंत करतो. त्याच्यासाठी पैसे घालवू नका, बांध सिमेंटनं लिंपू नका.

सोलापूरचा खरा ‘निळा पक्षी’ म्हणजे नीलपंख, दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो चाष. तोही ढोलीतच वीण करतो आणि त्याचा युरोपातला भाऊबंद स्पेन-हंगेरीत पेट्यांमध्ये सर्रास राहतो. इथे त्याच्यासाठी पेटीपेक्षा तारेवरची बैठक आणि पोखरलेलं जुनं झाड राखणं जास्त फळतं. सुगरण, बुलबुल, शिंजीर, होला हे पेटीत येणारे नव्हेत. ‘सर्व पक्ष्यांसाठी घरटं’ असं छापलेलं दिसलं की विक्रेत्याला पक्षी माहीत नाहीत असं खुशाल समजा.

रांग कुठे लावायची यात सगळ्यात मोठी चूक होते. अमेरिकेत ब्लूबर्डच्या दोन पेट्यांत शंभर यार्ड, म्हणजे नव्वद मीटरच्या आसपास, अंतर ठेवतात, कारण तो पक्षी स्वतःचा इलाखा राखतो. हा नियम दयाळाला लावा. चिमणी वस्तीनं राहते. तिच्या तीन-चार पेट्या एकमेकींपासून मीटर-दीड मीटरवर, वाड्याच्या, शाळेच्या, गोठ्याच्या भिंतीला, अडीच ते साडेतीन मीटर उंचीवर लावा. ओसाड माळावर एकटीच चिमणीची पेटी लावून ती रिकामी राहिली म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. आणि नान्नजच्या बाजूच्या गवताळ माळांवर तर पेट्या, खांब काहीच नको. माळढोक, धाविक, चंडोल जमिनीवर अंडी घालतात. उघड्या माळावर उभा केलेला प्रत्येक खांब कावळ्याला आणि घारीला टेहळणीचा बुरूज मिळवून देतो.

द्राक्षबागेच्या किंवा डाळिंबाच्या बागेच्या ऐन कडेलाही पेटी लावू नका. चिमणीची पिल्लं पहिले काही दिवस किड्यांवर वाढतात, दाण्यांवर नाही. फवारणीच्या हंगामात तिथे किडे एकतर नसतात किंवा विषारी असतात. ज्वारीचं, कडधान्याचं शिवार, जनावरांचा गोठा, बांधावरचा कडुनिंब ही जागा उत्तम.

तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला. पश्चिमेचं ऊन आणि नैऋत्येचा पाऊस, दोन्ही पाठीवर आले पाहिजेत. झाडावर बांधताना खिळा मारू नका. जुन्या सायकलच्या ट्यूबमधून ओवलेली तार वापरा आणि दरवर्षी सैल करा, नाहीतर ती सालीत रुतते. खांब हवा असेल तर दीड इंची जीआय पाइप घ्या, लाकडी खांबाला आपल्या मातीत वाळवी लागते. काळ्या मातीत पाइप किमान दोन फूट खोल आणि काँक्रीटमध्ये बसवा. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि नुसता ठोकलेला पाइप दसऱ्यापर्यंत आडवा होतो.

धामण, मुंगूस, मांजर, खार यांना अडवायला पाइपवर पत्र्याचं नळकांडं लावतात: वीस सेमी व्यास, किमान साठ सेमी लांब, वरचं तोंड जाळीनं बंद, आणि पेटीच्या खाली हातभर अंतरावर लोंबतं. तयार मिळणारे प्लास्टिकचे शंकू उन्हात वर्षभरात ठिसूळ होतात, पत्रेवाल्याकडून करून घेतलेलं नळकांडं स्वस्त आणि टिकाऊ. झाडाच्या बुंध्याला साठ सेमी रुंद पत्रा गुंडाळता येतो, पण शेजारच्या झाडाची फांदी लागत असेल तर धामण वरून येते आणि पत्रा नुसता दागिना ठरतो. खांबभर ग्रीस फासण्याचा सल्ला बरेच देतात. तो टाळा, पिसांना लागलं तर निघत नाही, आणि आपल्या धुळीत आठवड्यात त्याचा थर बनतो, त्यावरून मुंग्याही चालतात.

फेरी आठवड्यातून एकदा, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान. अगदी पहाटे नको, मादी अंडं घालत असते. भर दुपारी नको, उघडलेल्या पेटीत ऊन शिरतं. पावसात तर मुळीच नको. आधी पंधरा-वीस मीटरवर थांबून आठ बाय बेचाळीसच्या दुर्बिणीतून दहा मिनिटं बघा. निम्मी माहिती तिथूनच मिळते. काडी-गवत नेणं म्हणजे बांधणी. मादी बराच वेळ गायब आणि नर जवळच चिवचिवतोय म्हणजे उबवण. चोचीत अळी म्हणजे पिल्लं आली. पांढरी पुडी चोचीत धरून बाहेर नेली जातेय, तर ती पिल्लांची विष्ठा; पिल्लं आहेत आणि व्यवस्थित खातायत. मग पेटीवर बोटानं हलकं टिचकी मारून, बाजू उघडून, एका मिनिटाच्या आत मोजणी आटपा. चिमणीची अंडी साधारण ११ ते १४ दिवसांत फुटतात आणि पिल्लं १४ ते १६ दिवसांत उडतात. पिल्लं बारा दिवसांची झाली की पेटी उघडायची नाही. घाबरून ती वेळेआधी उड्या मारतात आणि जमिनीवरून परत चढत नाहीत. वहीत पेटी क्रमांक, तारीख, अंडी, पिल्लं, अंदाजे वय आणि शेरा एवढेच रकाने पुरे. क्रमांक पेटीच्या तळाला ऑइलपेंटनं लिहा. समोर लिहिलेला क्रमांक येणाऱ्या-जाणाऱ्याला पेटी दाखवून देतो.

सोलापूरपुरती एक खास गोष्ट तपासावी लागते: सूत. शहरात आणि शहराला लागून असलेल्या भागात यंत्रमागांचा कचरा उडत असतो, आणि चिमणीला चादरीचं-टॉवेलचं सूत गवतापेक्षा जास्त आवडतं. मऊ असतं, पण लांब धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळतो, पाय वाढतो तसा आवळत जातो, आणि उडायच्या दिवशी पिल्लू घरट्याला बांधलेलंच राहतं. पतंगाच्या मांजाचंही तेच, संक्रांतीनंतर तो झाडाझाडांवर लोंबत असतो. पहिल्याच तपासणीत बोटापेक्षा लांब दिसणारे धागे बारीक कात्रीनं कापून तुकडे करा. ओढू नका, घरटं विस्कटतं. पायाला वेढा बसलेला दिसला तर चिमट्यानं धागा उचलून कापायचा. खिशात कात्री आणि चिमटा नसेल तर फेरी अर्धवटच झाली.

गांधील माश्यांनी छताला पोळं धरलं असेल, तर ते काढून छताच्या आतल्या बाजूला कपडे धुण्याचा कोरडा साबण घासा. पुन्हा पोळं चिकटवायला त्यांना आधार मिळत नाही. पिंगळ्याच्या मोठ्या पेटीत सातेरी मधमाश्या बसल्या, तर ती पेटी त्यांची झाली असं धरा किंवा मधपाळाला बोलवा. लाल मुंग्या लागलेल्या पेटीत औषध फवारू नका. पेटी हलवता येत नसेल तर खांबाच्या बुडाशी असलेली मुंग्यांची वाट राखेनं तोडा आणि दर आठवड्याला पुन्हा राख घाला.

कॅमेरा बसवलेल्या पेट्या आता मिळायला लागल्यात. ओसरीत, विजेच्या प्लगजवळ, शाळेच्या व्हरांड्यात त्या छान चालतात. शिवारातल्या रांगेत मात्र बॅटरी बदलायला जितक्या वेळा उघडाल तितक्यात हातानं मोजणी झाली असती. त्या पैशात पॅकिंगच्या लाकडाच्या चार पेट्या होतात.

पिल्लं उडाल्यावर लगेच जुनं घरटं काढायची घाई नको, चिमणी त्याच हंगामात पुन्हा अंडी घालते. मात्र दोन विणींनंतर घरट्याचा थर चढत चढत भोकाजवळ आलेला असतो. तेव्हा रिकामी पेटी पाहून वरचा थर काढून टाका. पुरी साफसफाई ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तोंडाला फडकं बांधून: सगळं बाहेर, उकळतं पाणी, दिवसभर ऊन. फिनेल, कीटकनाशक काही नाही. त्याच वेळी स्क्रू आवळा, जवसाच्या तेलाचा एक हात द्या, तळाची छिद्रं सळईनं मोकळी करा. ज्या पेटीत दोन हंगाम काडीही आली नाही ती तिथून काढून दुसरीकडे लावा. बहुतेक वेळा दोष पेटीचा नसतो, तिचं तोंड पश्चिमेला असतं.